पावतीपुस्तक आणि पासबुक

आप्पांच्या औषधांसाठी आम्ही व्हॉट्सॲपवर वर्गणीचे आवाहन केले तेव्हा तीन दिवसांत १८,४०० रुपये जमले. ग्रुपवर सभासद दोनशेच्या वर. हात जोडलेली चिन्हे मात्र शंभराच्या पुढे गेली. तक्रार म्हणून हे सांगत नाही. त्यातले निम्मे लोक स्वतः नऊ-दहा हजारांवर घर चालवतात, हे आम्हाला ठाऊक आहे.

आप्पांचे खरे नाव येथे लिहीत नाही, त्यांना ते आवडले नसते. नामांतराच्या लढ्यात तुरुंगात गेलेला, पुढे नोकरी सोडून पूर्णवेळ चळवळीत पडलेला हा माणूस. रत्नागिरी तालुक्यातल्या कितीतरी बौद्धवाड्यांतले विहार त्यांच्या पावतीपुस्तकावर उभे राहिले. दहा रुपये देणाऱ्यालाही ते पावती फाडून देत आणि त्याआधी खालचा कार्बन सरळ आहे ना, हे उचलून बघत. दवाखान्यात आम्ही त्यांच्या उशाशी बसलो होतो तेव्हा वर्गणीची बातमी त्यांच्या कानावर गेली. ते म्हणाले, "पोरांनो, माझ्या नावाचं पावतीपुस्तक काढू नका रे."

त्यानंतर ते महिनाभर होते. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात अकरा जण बोलले आणि जवळजवळ प्रत्येकाने सांगितले की, कालकथित आप्पांनी स्वतःसाठी काही म्हणजे काही ठेवले नाही. आम्हीही तेच बोललो. पुढच्या रांगेत काकी बसल्या होत्या. त्यांच्यासाठीही काही ठेवलेले नव्हते, हे आम्हाला माईक खाली ठेवल्यावर सुचले. मग दुचाकीवरून घरी येईपर्यंत आम्ही दोघेही एकमेकांशी बोललो नाही.

आजचा लेख त्या वाक्याबद्दल आहे. "स्वतःसाठी काही ठेवले नाही" हे आपण गौरव म्हणून किती दिवस म्हणत राहणार? आणि पंचवीस वर्षांच्या कार्यकर्त्याने पहिल्या पगारातून स्वतःच्या म्हातारपणासाठी हजार रुपये बाजूला टाकले, तर त्याला 'ब्राह्मणी मध्यमवर्गीय' म्हणून हिणवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आधी घरातले सांगतो. आमचे वडील आणि आमचे चुलते हे दोघे सख्खे भाऊ. चुलते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई झाले. वडील त्या काळच्या रीतीप्रमाणे मुंबईला गेले आणि गिरणीत लागले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यातले एक आमचे वडील. वर्षभर वाट पाहून ते गावी परत आले. गिरणीतला फंड मिळाला तो घरावर कौले चढवण्यात संपला. पुढे सदुसष्टाव्या वर्षापर्यंत त्यांनी दुसऱ्याच्या आंब्याच्या बागेत राखण केली. आई काजूच्या कारखान्यात बिया फोडायची, तिच्या बोटांची कातडी तेलाने काळी पडून सोलवटलेली असायची. निवृत्ती हा शब्द या दोघांच्या आयुष्यात आलाच नाही. अंग चालेनासे झाले तेव्हा काम थांबले, इतकेच.

चुलत्यांना पेन्शन आहे. जुनी. शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी आणि वर महागाई भत्ता. फार मोठा आकडा नाही, पण एक तारखेला चुलते बँकेत जातात, येताना नातवंडांना खाऊ आणतात, डॉक्टरकडे स्वतःच्या पैशाने रिक्षा करून जातात. घरात कुणाचे लग्न ठरवायचे असेल तर आधी त्यांना विचारले जाते. त्यांची खाट ओटीवर आहे. आमच्या वडिलांची मागच्या पडवीत. कुणी मुद्दाम तसे केलेले नाही, होत गेले. वडिलांना डोळ्याचे थेंब आणायचे असतात तेव्हा ते आमच्याकडे न बघता म्हणतात, "जमलं तर आण." हा 'जमलं तर' आम्हाला समाजशास्त्राच्या एम.ए.च्या दोन वर्षांत कोणत्याही पुस्तकात सापडला नाही.

म्हातारपणी हातात स्वतःचा पैसा असणे म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्याला फार आधीपासून माहीत आहे. दापोलीचा कॅम्प आठवा. गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये सैन्यातून निवृत्त होऊन दापोलीला राहिले आणि १८८८ मध्ये त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिले. सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर कुटुंब घेऊन त्याच दापोलीत काही काळ राहिले. कॅम्पात आपल्या समाजातली निवृत्त सैनिकांची वस्तीच होती. ही माणसे लिहू शकली, अर्ज करू शकली, सभा घेऊ शकली, याचे श्रेय सैन्यात मिळालेल्या शिक्षणाला आपण नेहमी देतो. ते खरेच आहे. पण आमच्या मते आणखी एक कारण आहे, ज्याकडे आपण बघत नाही. त्यांचे निवृत्तिवेतन सरकारी खजिन्यातून येत होते, खोताच्या पडवीतून नाही. गावात राहून बलुत्यावर जगणाऱ्याला दुसऱ्या दिवशीची भाकरी गावाकडूनच मागायची होती, तो गावाच्या विटाळाविरुद्ध पुस्तक कसे लिहिणार? आणि १८९० च्या दशकात सैन्यभरती बंद झाली, तेव्हा नोकरीबरोबर पुढच्या पिढीचे हे निवृत्तिवेतनही गेले.

बाबासाहेबांनी हा धागा सोडला नव्हता. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये उद्योग आणि शेती यांच्या राष्ट्रीयीकरणाबद्दल त्यांनी काय मांडले, ते आपले कार्यकर्ते तोंडपाठ सांगतात. त्याच आराखड्यात विम्याचे कलम आहे, त्याचा उल्लेख क्वचित होतो. विमा हा पूर्णपणे राज्यसंस्थेच्या हातात असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाने आपल्या वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा उतरवणे राज्याने सक्तीचे करावे, अशी ती मागणी होती. म्हणजे उद्याची तजवीज हा केवळ ज्याच्या त्याच्या शहाणपणाचा प्रश्न नाही, ती राज्याने सर्वांसाठी घडवून आणायची गोष्ट आहे. आणि त्याच वेळी ज्याच्या त्याच्या वेतनातून काही भाग कापला जाणारच आहे. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात आहेत. आपण मात्र पहिली घेऊन मोर्चे काढतो आणि दुसरीला लाजतो.

आता आमची चूक. २०१२ मध्ये चोविसाव्या वर्षी एका संस्थेच्या प्रकल्पात आम्ही लागलो. पगार कमी होता, पण पीएफ कापला जात होता. साडेतीन वर्षांनी प्रकल्प संपला, संस्था सुटली. २०१६ च्या उन्हाळ्यात बहिणीचे लग्न निघाले आणि आम्ही खाते रिकामे केले. अडुसष्ट हजार रुपये मिळाले. मंडप, जेवण, वऱ्हाडाच्या दोन गाड्या. चार दिवसांत संपले. तेच पैसे पुढच्या नोकरीच्या खात्यात वळवून घेतले असते आणि आजच्या ८.२५ टक्के दराने पडून राहिले असते, तर आमच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ते सव्वासात लाखांच्या पुढे गेले असते. शिवाय पीएफबरोबर जी कर्मचारी पेन्शन योजना असते, तिच्यात पेन्शनचा हक्क मिळायला दहा वर्षांची सेवा लागते. आम्ही पेन्शनचेही पैसे काढून घेतले, म्हणजे ती साडेतीन वर्षे पुसली गेली. हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. अर्जावर सही केली आणि 'पैसे आले' या मेसेजची वाट बघत बसलो.

आमच्याच टेबलावर बसणारा एक सहकारी होता. पगार सारखाच. त्याच्याही बहिणीचे लग्न त्याच वर्षी झाले. त्याच्या वडिलांनी हापूसच्या साठ कलमांचे त्या हंगामाचे पैसे आगाऊ घेतले आणि लग्न पार पडले. त्याचा पीएफ जागच्या जागी राहिला. आता कुणी म्हणेल, त्याला बचतीची शिस्त होती आणि तुम्हाला नव्हती. पैशांवरच्या भाषणांत असेच सांगतात. पण त्या साठ कलमांखालची जमीन कुठून आली, हा प्रश्न या जिल्ह्यात विचारावाच लागतो. बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचे विधेयक १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबई विधिमंडळात मांडले, कायदा व्हायला १९४९ उजाडले, आणि त्यानंतरही आमच्या वाडीच्या वाट्याला सातबारा आला नाही. दोघांच्या पगारपत्रकावर आकडा एकच होता. त्याचा पगार पुढच्या पिढीकडे जात होता, आमचा मागच्या पिढीकडे.

म्हणून आपल्या तरुणांना "लवकर बचत सुरू करा" असे नुसते सांगणे आम्हाला पटत नाही. आपल्या घरातल्या पहिल्या पगारावर आई-वडिलांचे औषध, भावंडांची फी, गळके छप्पर आणि मुंबई मंडळाची वर्गणी एवढ्यांचा हक्क असतो. तरीही आम्ही तेच सांगणार आहोत. कारण आकडे आपली परिस्थिती बघून दया दाखवत नाहीत.

अटल पेन्शन योजनेचा तक्ता बघा. साठाव्या वर्षापासून दरमहा ५,००० रुपये हवे असतील, तर अठराव्या वर्षी सुरू करणाऱ्याला महिना २१० रुपये भरावे लागतात. तिसाव्या वर्षी सुरू केले तर ५७७. चाळीसाव्या वर्षी १,४५४. त्यानंतर दार बंद. किंवा पोस्टातले पीपीएफ घ्या, जे वर्षाला ५०० रुपये भरूनही चालू ठेवता येते. आजचा दर ७.१ टक्के आहे. तो दर टिकला असे धरून वर्षाला १२,००० रुपये पंचविसाव्या वर्षापासून साठीपर्यंत टाकत गेलात तर सुमारे १८ लाख होतात. पस्तिसाव्या वर्षी सुरू केले तर सव्वाआठ लाख. उशिराच्या दहा वर्षांत तुम्ही फक्त एक लाख वीस हजार कमी भरले, पण हातात जवळपास दहा लाख कमी आले. हे गणित आम्ही विहाराच्या फळ्यावर मांडले तेव्हा मागे बसलेली एक मुलगी म्हणाली, "सर, म्हणजे गरिबाकडे फक्त वयच जास्त असतं." आम्ही तिच्याकडे बघत राहिलो.

याच फळ्यावर आम्ही आणखी एक ओळ लिहिली, कारण अर्धेच सांगणे म्हणजे फसवणूक आहे. महागाई वर्षाला पाच टक्क्यांनी वाढत राहिली तर पस्तीस वर्षांनंतरचे ५,००० रुपये म्हणजे आजचे साधारण नऊशे. ते १८ लाख म्हणजे आजचे सव्वातीन लाख. म्हणून पगार वाढला की बाजूला टाकायची रक्कमही वाढली पाहिजे. आणि म्हणूनच महागाई भत्त्यासह मिळणारी पेन्शन ही काही सरकारी नोकराची चैन नव्हती. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्य सरकारच्या सेवेत लागलेल्यांची ती पेन्शन गेली. तारीख नीट बघा. आरक्षणातून नोकरीत आलेली आपली पहिली पिढी जुन्या पेन्शनवर निवृत्त होत होती आणि दुसरी पिढी दारात उभी होती, तेव्हा नियम बदलला. मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला तेव्हा रत्नागिरीतही कर्मचारी रस्त्यावर होते. त्यांच्यासमोरून कंत्राटी सफाई कामगार झाडू घेऊन जात होते. त्यांना जुनी नाही, नवी नाही, कसलीच पेन्शन नाही. त्यांना त्या मोर्चात कुणी बोलावले नव्हते. आम्हीही नाही.

ज्यांच्याजवळ काहीच उरत नाही त्यांच्यासाठी सरकार काय देते, तेही सांगतो. वाडीतल्या एका काकींसाठी आम्ही श्रावणबाळ योजनेची कागदपत्रे करत होतो. वय ६५ च्या वर हवे, महिन्याला १,५०० रुपये मिळतात, आणि त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो. म्हणजे महिन्याला १,७५०. एवढ्यात कुटुंब जगते, असे सरकारच्या शिक्क्याने सिद्ध करायचे, तेव्हा पंधराशे मिळणार. काकींनी तलाठ्याकडे चार फेऱ्या मारल्या. पाचव्या फेरीला आम्हाला म्हणाल्या, "बाबा, मी गरीब आहे हे आता मलाच खोटं वाटायला लागलंय."

आता आक्षेपांकडे येऊ. एका शिबिरात हा विषय काढला तेव्हा एक ज्येष्ठ कार्यकर्ते उभे राहून म्हणाले, "बाबासाहेबांनी आयुष्य वेचलं आणि तुम्ही व्याजाचे दर मोजताय!" टाळ्या पडल्या. आम्ही एवढेच म्हटले की, दादा, तुम्ही जिल्हा परिषदेतून निवृत्त झालात, तुमची पेन्शन चालू आहे. ते रागावले. अजून बोलत नाहीत. पण ज्यांच्या त्यागाला पेन्शनचा आधार आहे त्यांनी बिनपेन्शनच्या पोरांना त्याग शिकवू नये, हे आमचे मत कायम आहे. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये दीक्षेनंतर उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्या, असे सांगितले. विसावा म्हणजे शंभरातले पाच. तो द्यायलाच हवा. उरलेले पंच्याण्णवही देऊन टाका आणि म्हातारपणी पुन्हा समाजाकडेच हात पसरा, असे त्यांनी सांगितलेले नाही.

दुसरा एक मुलगा अधिक हुशार निघाला. म्हणाला, "सर, सगळं अनित्य आहे तर साठवायचं कशाला?" सगळे हसले, आम्हीही हसलो. पण अनित्य काय काय आहे? कंत्राट अनित्य आहे, गुडघे अनित्य आहेत, मालकाचा चांगला मूड तर फारच अनित्य आहे. सिगालोवाद सुत्तात भगवंत गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगतात. एका भागावर उपजीविका, दोन भाग कामधंद्यात, आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवायचा. आपण हे सुत्त आई-वडील, गुरू, मित्र यांच्याशी कसे वागावे यासाठी वाचतो आणि हिशोबाचा भाग आला की पान उलटतो.

विम्याच्या नावाखाली बचत विकणाऱ्यांबद्दल थोडक्यात. आमच्या मामेभावाने आम्हाला पहिल्याच वर्षी एक पॉलिसी दिली, नात्यात नाही म्हणता आले नाही. हप्ता झेपला नाही, तिसऱ्या वर्षी मोडली, भरले त्यापेक्षा कमी हातात आले. विमा घ्यायचा तर साधा मुदतीचा घ्यावा, बचत वेगळी ठेवावी. आणि दामदुप्पट सांगणारा माणूस 'जय भीम' म्हणत आला तरी त्याला दारातच चहा द्यावा, आत घेऊ नये.

आप्पा गेल्यावर आम्ही विहारात एक काम सुरू केले. महिन्याच्या शेवटच्या रविवारी वंदना झाली की मोबाइल बाहेर काढायचे. ज्याच्या त्याच्या पीएफचे पासबुक उघडायचे. यूएएन नंबर कुणाला माहीत नसतो, मग तो शोधायचा. आधारवरचे नाव आणि खात्यावरचे नाव जुळत नाही, ते बघायचे. वारस म्हणून कुणाचे नाव लावले आहे? बऱ्याच जणांच्या खात्यात ते कोरेच असते किंवा लग्नाआधीचे. नोकरी बदलली असेल तर पैसे काढायचे नाहीत, वळवायचे. पहिल्या रविवारी सात जण होते, त्यातल्या दोघी अंगणवाडी सेविका. त्यांना पीएफ नाही. पण २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र असल्याचा निकाल दिला, हे त्यांनीच आम्हाला सांगितले. त्यांच्या संघटनेचे कागद त्यांनी पिशवीत घालूनच आणले होते.

काकी या रविवारी येतात, मागे बसतात. आप्पांचे एक अर्धे भरलेले पावतीपुस्तक त्यांनी आम्हाला दिले आहे.

मागच्या रविवारी एक एकवीस वर्षांचा मुलगा आला. ठेकेदाराकडे सफाईच्या कामाला आहे. त्याच्या चौदा महिन्यांच्या पगारपत्रकांवर पीएफची कपात आहे, पासबुकात नोंदी पाचच महिन्यांच्या. नऊ महिन्यांचे पैसे कापले गेले आणि खात्यात आले नाहीत. तो घाबरून म्हणाला, "जाऊ दे सर, काम जाईल." आम्ही त्याला सांगितले की ठेकेदाराने पैसे भरले नाहीत तर ज्याचे काम तो करतो त्या मूळ मालकावर जबाबदारी येते, कायदा तसे म्हणतो. त्याच्यासोबत त्याच ठेकेदाराकडचे आणखी सहा जण आहेत, हे हळूहळू कळले. तो एकटा नको म्हणत होता. सातही जणांच्या सह्यांचा अर्ज करायचा म्हटल्यावर तयार झाला. पाच सह्या झाल्या आहेत.

सोमवारी अकरा वाजता आम्ही त्या कार्यालयात जाणार आहोत. अर्जाच्या दोन प्रती काढल्या आहेत. एकीवर पोच घ्यायची आहे.